तांबडं खरं कुणाचं

माझ्या घरात माझ्याआधी कोणी शाळेची पायरी चढलेलं नव्हतं, आणि मी थेट बी.ए. झालो. हे सुरुवातीलाच सांगून टाकतो. एक तर मला त्याचा अभिमान आहे आणि तो लपवायचं वय आता राहिलेलं नाही. दुसरं म्हणजे, पुढे जी चूक सांगणार आहे, ती शिकलेल्या माणसाच्याच हातून होऊ शकते.

आम्ही मुरबाडचे कातारी. कातारी म्हणजे लाकूड गरगर फिरवून त्याला गोल घाट देणारा. पाळण्याचे खांब, खाटेचे पाय, लाटणी, भोवरे, सगळं आमच्याकडचं. माझ्या लहानपणी आमचा चरक दोरीचा होता. लाकडाचा तुकडा दोन टोकांत पकडायचा, त्याला दोरीचे वेढे द्यायचे, समोर बसलेल्या माणसानं दोरी इकडून तिकडे ओढायची. लाकूड एकदा पुढे फिरतं, एकदा मागे, आणि ते पुढे येताना कातारी त्याला पटाशी लावतो. आमच्या घरात दोरी आई ओढायची. तिचे दंड पैलवानासारखे होते. माझी कॉलेजची फी त्या दंडांतून आली.

बी.ए. झाल्यावर गावाला वाटलं, आता हा मामलेदार होऊन येणार. मी मुंबईत जुन्या सामानाच्या एका दुकानात नोकरीला लागलो. मालक पारशी, बोलायला फटकळ, पण वस्तू ओळखण्यात पक्का. पहिल्याच दिवशी त्यानं मला एक खुर्ची उलटी करून दाखवली आणि म्हणाला, "बूड बघायचं. तोंड सगळेच धुऊन येतात." मी तिथे तीन वर्षं काढली. त्यातलं बाकी सगळं विसरलो तरी चालेल, हे एक वाक्य पुरेसं आहे.

तिसऱ्या वर्षाअखेरीस मी मुरबाडला परत आलो आणि बाच्या पडवीला पाटी लावली: जुन्या लाकडी वस्तूंची पारख व दुरुस्ती. खाली माझं नाव आणि बी.ए. लोक हसले. इतकं शिकून शेवटी कातारीच झाला, असं माझ्या तोंडावर म्हणाले. मी म्हटलं, कातारी होतोच, आता शिकलेला कातारी झालो. पुढे पुढे शहापूर, वाशिंद, कल्याणहून माणसं येऊ लागली. एक गृहस्थ बैलगाडीत पाळणा घालून आले. शिवकालीन म्हणत होते. मी खांब आडवा केला तर आत तारेचे खिळे, कारखान्यातले. तसं सांगितल्यावर ते रागावले नाहीत. म्हणाले, "मग निदान आजोबांच्या काळचा तरी म्हणा." मी विचारलं, "कुणाच्या आजोबांच्या, ते सांगा. म्हणतो."

तर असा माझा तोरा होता. त्याच सुमारास, दुसऱ्या महायुद्धाच्या आदल्या वर्षी, ते बुद्धिबळ माझ्याकडे आलं.

किन्हवलीहून शेणव्याकडे जाताना एक गाव लागतं. नाव देत नाही, ज्यांची ही गोष्ट ती दोन्ही घरं अजून तिथे नांदती आहेत. त्या गावात देवीच्या यात्रेच्या दिवशी सकाळी देवळाच्या ओट्यावर बुद्धिबळाचा एक डाव होतो. तांबडे मोहरे ज्याच्या घरचे, तो देवीकडे तोंड करून बसतो आणि पहिली चाल त्याची. हा मान. हिरव्यांचा माणूस देवीकडे पाठ करून बसतो. जिंकलं कोण याला फार महत्त्व नाही. बसलं कुठे याला आहे. आणि डाव खेळायचा तो जुन्या मोहऱ्यांनीच. कुठल्याशा सुभेदारानं हा डाव खेळणाऱ्या घराण्याच्या मूळपुरुषाला ते दिले होते, असं गाव सांगत असे.

घराण्याची दोन घरं झालेली, थोरलं आणि धाकलं. थोरल्या घराचे गणपत आप्पा, धाकल्याचे धर्मा तात्या. चुलतभाऊ, दोघेही चाळिशीतले, भातशेतीवाले. आणि पंचाईत ही, की दोघांकडेही बत्तीस मोहऱ्यांचा पुरा संच होता. दोघेही म्हणत, आमचाच जुना, त्यांचा नकली. नकली मोहऱ्यांसमोर बसायला कोणी तयार नाही. बारा वर्षं खेळ बंद होता. गावात बैल मेला तरी बोट त्या रिकाम्या ओट्याकडे जायचं. शेवटी पंचांनी ठरवलं, दोन्ही संच मुरबाडच्या बीएकडे द्यायचे. तो सांगेल ते कबूल. यात्रेला वीस दिवस होते.

दोघे एकाच दिवशी आले, पण वेगवेगळ्या गाड्यांतून. आप्पांनी कापडाची पिशवी माझ्यासमोर मोकळी केली.

"अख्खा जुना हाय. देवीच्या पेटीशेजारी ठेवलेला."

"आणि तात्यांचा?"

"त्यांचा बाजारचा."

तात्या पडवीच्या दुसऱ्या टोकाला बसले होते. तिथूनच म्हणाले, "बीए, त्याच्या तांबड्याचा रंग बघ. काल हळद लागलेल्या नवरीवानी दिसतो. म्हणं जुना."

"आमच्याकडं वस्तू नीट ठेवतात," आप्पा म्हणाले.

"आमच्याकडं खेळतात," तात्या म्हणाले.

बा चरकाशेजारी तंबाखू मळत बसला होता. त्यानं दोन्ही ढिगांकडे एकदा पाहिलं आणि चिमूट तोंडात टाकली.

मी कामाला लागलो. चौसष्ट मोहरे, सोळा-सोळाचे चार गट मांडले. घाट सगळ्यांचा तोच: खाली बैठक, वर मण्यासारखा कातलेला भाग, तो बैठकीत खुंटीनं बसवलेला. राजा उंच, वजीर त्याहून जरा बुटका, हत्तीला चपटं डोकं, घोड्याला मानेचा बाक. लाकूड सगळ्यांचं कुडा, आपल्याच डोंगरातलं, पांढरं आणि मऊ. म्हणजे सुभेदाराची गोष्ट तिथेच ढिली झाली. हे काम याच मुलखातल्या कुठल्या तरी कातारीचं होतं. त्यावर लाख. लाखेत रंग मिसळून तिची कांडी करतात, फिरत्या लाकडावर ती दाबली की घर्षणानं वितळून चढते, मग केवड्याच्या पानानं घासून चकाकी आणतात.

बुडं बघितली. चारही गटांची झिजलेली. दोन्ही घरांत पावसाळाभर खेळ चालायचा, पोरंसोरं रोज मांडून बसायची. कोण जास्त झिजलं, कोण कमी, सांगता येईना. पारशी मालकाची युक्ती इथे लंगडी पडली, आणि तेव्हा मी थांबायला हवं होतं. मी तोंडाकडे बघायला लागलो.

तोंडं तर बोलतच होती. आप्पांचे तांबडे मोहरे लखलखीत, हिरवे विटलेले. तात्यांचे हिरवे लखलखीत, तांबडे विटलेले, जुन्या लुगड्यासारखे. दोन दिवस विचार केला आणि तिसऱ्या दिवशी डोक्यात उजेड पडला. दोघेही अर्धे खरे होते. घरं वेगळी झाली तेव्हा भांडीकुंडी वाटतात तसा संचही मधोमध वाटला गेला. एकाला तांबडे मिळाले, एकाला हिरवे. मग ज्याला जे मिळालं नाही ते त्यानं गुपचूप करून घेतलं. पुढच्या पिढीला हे ठाऊकच नाही. त्यांनी डोळे उघडले तेव्हा घरात बत्तीस मोहरे होते.

हा शोध मी लावला, आणि आजही म्हणतो, शोध बरोबर होता. फक्त पुढची पायरी चुकली. मी म्हटलं, विटलेलं ते जुनं. म्हणजे जुने तांबडे तात्यांकडचे, आणि मान धाकल्या घराचा.

मोहरे मी खिडकीच्या फळीवर उजेडाला मांडत असे. बा रोज येऊन विटलेले तेवढे उचलून आत सावलीत ठेवायचा.

"उन्हात काय मांडतोस रे? रंग जातो."

"बा, जायचा तो शंभर वर्षांत गेला. आता काय जाणार?"

दुसऱ्या दिवशी पुन्हा मोहरे सावलीत.

बाजारच्या दिवशी तात्या मुरबाडला आले. पडवीत पाणी प्यायले, निघता निघता म्हणाले, "काय दिसतंय, बीए?" निकाल यात्रेदिवशी देवळात सांगायचा होता. पण आपल्याला समजलंय आणि ते पोटात ठेवायचं, हे चोवीस-पंचवीसाव्या वर्षी जमत नाही.

"तांबडं जुनं तुमच्याकडचं," मी म्हटलं.

तात्या उंबऱ्यावरच बसले. डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली. "आमचा बा हेच सांगत मेला," म्हणाले. संध्याकाळपर्यंत त्यांनी गावात गूळ-खोबरं वाटलं.

त्याच दुपारी मी दुसरं काम केलं. आप्पांच्या तांबड्या वजिराच्या गळ्याशी लाखेचा टवका उडालेला होता. म्हटलं, नक्कल आहे, पण माणसाला चमकवून परत देऊ. बा सरळगावला लाकूड बघायला गेला होता. आईला दोरी ओढायला बसवलं.

आई म्हणाली, "बाला येऊ दे की."

"एवढ्याशा कामाला बा कशाला?"

तिनं दोरी ओढली. मी वजीर चरकावर चढवला, जुनी लाख लाकडापर्यंत खरवडली, नवी चढवली, केवड्याचं पान फिरवलं. अर्ध्या तासाचं काम. आरशासारखा झाला.

मग तात्यांचा एक तांबडा हत्ती हातात घेतला. त्याची खुंटी हलत होती. म्हटलं, उघडून सरस भरावा. मणी पिळून बैठकीतून बाहेर काढला. आत, जिथे कधी ऊन पोचलं नव्हतं, तिथे रंग होता. विटका नव्हता, झगझगीत राणी रंग होता.

हा रंग मला माहीत होता. कागदाच्या पुडीतून यायचा. रेल्वेनं बाजार भरायला लागल्यावर, माझ्या आज्याच्या उतारवयात, ह्या पुड्या आमच्याकडे आल्या. स्वस्त, भडक, आणि उन्हात दहा-वीस वर्षांत उडून जाणाऱ्या. त्याआधी कातारी तांबड्यासाठी हिंगूळ वापरत आणि हिरव्यासाठी हरताळ आणि नीळ एकत्र खलत. ते दगडाचे, झाडाचे रंग. ऊन त्यांचं फार काही करत नाही. मी कापसाला स्पिरिट लावून हत्तीवर टेकवला. कापूस गुलाबी झाला आणि गुलाबी पसरतच गेला. आप्पांच्या तांबड्या प्याद्याचा मणी काढला. आत तोच विटकरी तांबडा जो बाहेर. आत-बाहेर एकच.

म्हणजे लखलखीत होते ते जुने, विटलेले होते ते नवे. जुने तांबडे आप्पांकडचे. मान थोरल्या घराचा. आणि तिकडे गूळ वाटत होतं धाकलं घर.

आणि फळीवर तो वजीर चमकत होता. शंभराहून जास्त वर्षं टिकलेली लाख आमच्या पडवीत भुशात पडली होती.

बा संध्याकाळी आला. मी हत्तीचे दोन तुकडे त्याच्यापुढे धरले.

"तुला माहीत होतं?"

"माझ्या हातचं हाय ते. तेव्हा माझं लगीन नव्हतं झालं. आज्यानं घाट सांगितला, मी कातलं."

"दोन्ही घरांचं?"

"दोघांचे बाप आलते. एक सोमवारी, एक गुरुवारी. दोघं पण म्हणाले, कुणाला बोलू नको. मी नाय बोललो."

"इतकी वर्षं?"

"गप्प बसायचं ते काय वर्षं मोजून बसायचं असतं?"

नक्कल करून देणारा कातारी ती कुणासाठी केली हे सांगत नाही, हा आमच्यातला रिवाज मला ठाऊक होता. पण तो माझ्यावरही चालेल असं वाटलं नव्हतं.

"मला तरी सांगायचंस, बा. मी तात्यांना शब्द दिला."

"तू पंच. पंचाला घरातून सांगत नाहीत. रोज सावलीत ठेवत होतो ना? अजून काय सांगू?"

मग त्याला फळीवरचा वजीर दिसला. उचलून उलटा केला, बूड बघितलं, बोट फिरवलं. मला वाटलं, आता ओरडेल. तो ओरडला असता तर बरं झालं असतं. त्यानं वजीर होता तिथे ठेवला आणि म्हणाला,

"लाख चांगली बसलीय."

दुसऱ्या दिवशी सकाळी सायकल काढली आणि तात्यांच्या खळ्यावर जाऊन उभा राहिलो. सगळं सांगितलं. तात्या पेंढा रचत होते. त्यांनी हात थांबवला नाही.

"गूळ खाल्ला गावानं. परत मागू का?"

"चूक माझी आहे, तात्या."

"ते झालंच. मला घरात सांगून काय उपेग? चार माणसांत सांग. मी येईन का नाय, ते माझं मी बघीन."

यात्रेचा दिवस उजाडला. देवळापुढे सगळं गाव. ओट्यावर जुना कापडी पट अंथरलेला, त्याच्या दोन्ही बाजू रिकाम्या. मी मुंबईत कॉलेजच्या वक्तृत्व स्पर्धेत बक्षीस घेतलेला माणूस, पण त्या दिवशी पहिलं वाक्य दोनदा सुरू करावं लागलं. तरी बोललो. वाटण्यांचं सांगितलं. पांढऱ्या पंच्यावर विटलेला तांबडा हत्ती स्पिरिटनं पुसून दाखवला. गुलाबी डाग म्हाताऱ्या बायकासुद्धा पुढे येऊन बघून गेल्या. मग आप्पांचा उंट पुसला. नुसता मळकट ठसा आला, त्यात विटकरीची जराशी झाक. तसंच हिरव्यांचं.

"किती जुना म्हणायचा?" पाटलांनी विचारलं.

"शंभराच्या पुढे, दीडशेच्या आत. याहून नेमकं सांगणारा भेटला तर त्याला काहीतरी विकायचंय असं समजा."

लोक हसले. तात्या खांबाला टेकून उभे होते, ते हसले नाहीत.

"तात्यांना मी बाजारच्या दिवशी उलटं सांगितलं होतं," मी म्हटलं. "तांबडं त्यांचं म्हणून. ते चुकलं. तात्यांनी गूळ वाटला तो माझ्या शब्दावर. त्यांना कोणी हसू नये, हसायचं तर मला हसा. खरं तांबडं आप्पांकडचं, खरं हिरवं तात्यांकडचं. गावात जुना संच एकच आहे आणि तो दोन घरांत आहे."

इथे थांबलो असतो तर कोणाला काही कळलं नसतं. वजीर मी हातात घेतला.

"अजून एक. हा आप्पांचा वजीर, खऱ्यातला. याची जुनी लाख मी काढली. नक्कल समजून. लाकूड तेच आहे, पण वरची लाख माझी."

आप्पांनी वजीर घेतला. उन्हात धरला, फिरवला.

"म्हंजे आमच्या खऱ्यातला एक तू खोटा केलास."

"हो."

"तू सांगितलं नसतंस तर आमाला कळलं असतं का?"

"नाही."

"दुसऱ्या कुणाला?"

"माझ्या बाला. पण तो सांगणार नाही."

आप्पांनी वजीर पटावर ठेवला. मग पंचांकडे वळून म्हणाले, "ज्यानं हे सांगितलं, त्याचं बाकीचं पण खरंच असणार. आमच्याकडचं हिरवं नकली. मला कबूल हाय."

सगळ्यांच्या माना खांबाकडे वळल्या. तात्या निघून गेले. चपला घालून, मागे न बघता. कोणीतरी म्हणालं, झालं, संपलं. मी पटाकडे बघत उभा. मान गेला तो तात्यांचा, माझ्या तोंडानं आधी दिलेला आणि माझ्याच तोंडानं काढून घेतलेला. ते आले नाहीत तर मी कोणत्या तोंडानं पुन्हा कुणाची वस्तू पारखणार होतो?

तात्या परत आले. हातात कापडाची पुरचुंडी. देवीकडे पाठ करून बसले आणि सोळा हिरवे मोहरे एकेक करून मांडले. राजा घरात ठेवताना म्हणाले, "बारा वर्षं झाली. बस आता, आप्पा. का तुला पण आवतण पाहिजे?"

आप्पा बसले. पहिली चाल तांबड्यांची.

दोघेही खेळायला तरबेज. पण तासाभरात तात्यांच्या घोड्यानं तांबडा वजीर मारला. मारलेला मोहरा पटाशेजारी ठेवायची रीत. तात्यांनी तो माझ्या तळहातावर ठेवला.

"धर. हा तुझा माणूस."

गाव खदखदून हसलं. शेवटी तात्यांनी प्याद्यानं मात केली, आमच्याकडे ती सगळ्यांत मानाची मात. म्हणजे बसायचा मान आप्पांचा आणि डाव तात्यांचा. जेवण दोन्ही घरांनी मिळून घातलं. वजीर परत द्यायला गेलो तेव्हा आप्पा म्हणाले, "दे. आणि आता ह्याला हात लावायचा नाय."

त्यानंतर माझ्याकडे काम वाढलं. युद्धात परदेशी पुडीचे रंग मिळेनासे झाले तेव्हा मी बाकडून हिंगूळ खलायला शिकलो. ती विद्या पदवीच्या कुठल्याच पुस्तकात नव्हती. कुठलीही वस्तू आली की आधी उघडून आतला रंग बघायचा आणि मग तोंड उघडायचं, हा नियम मी पुढे कधी मोडला नाही. जुनी लाख कितीही मळकी असली तरी त्यानंतर मी चरकावर चढवलेली नाही. मऊ फडक्यानं पुसतो, टवका उडालेला असेल तर तेवढाच भरतो, आणि कुठे भरला ते मालकाला दाखवून देतो.

यात्रेला मी दरवर्षी जातो. आप्पा गेले, तात्या गेले, बाही गेला. आता दोन्हीकडचे मुलगे खेळतात. तांबडा वजीर पडला की अजूनही तो माझ्या हातात देतात. नव्या पोरांना याचं कारण माहीत नाही. ती समजतात, हाही देवीचाच काहीतरी नेम असेल. मी वजीर उन्हाकडे धरतो आणि फिरवून बघतो, कुठे तडकलाय का, कुठे मळलाय का, बाकीच्या पंधरांच्या जवळ थोडा तरी आलाय का. नाही. बा म्हणाला होता तेच खरं.

लाख चांगली बसली आहे.